मानसशास्त्रज्ञांचा औषधलेखन-हक्क (अमेरिका)

मानसशास्त्रातील डॉक्टरेटनंतर औषधशास्त्राचे जादा शिक्षण घेतलेल्या मानसशास्त्रज्ञांना मनोविकारांवरील औषधे लिहून देण्याचा कायदेशीर अधिकार मिळावा, यासाठी अमेरिकेत चाललेली व्यावसायिक-राजकीय चळवळ. आरोग्यव्यवसायाचे परवाने तेथे राज्ये देतात. त्यामुळे वॉशिंग्टनमध्ये कितीही वजन असले, तरी हा हक्क एकेका राज्याच्या विधिमंडळातूनच मिळवावा लागतो.

त्याआधीचा मोठा लढा विम्याचा होता. व्हर्जिनियातील ब्लू शील्ड ही आरोग्यविमा संस्था मानसशास्त्रज्ञांची बिले डॉक्टरांमार्फत आल्याशिवाय चुकती करीत नसे. १९८० मध्ये संघीय अपील न्यायालयाने ही अट स्पर्धाविरोधी ठरवली. औषधांचा मुद्दा १९८४ साली सिनेटर डॅनियल इनोये यांनी हवाईतील मानसशास्त्रज्ञांपुढे मांडला. त्यांच्या कार्यालयातील पॅट्रिक डिलिऑन स्वतः मानसशास्त्रज्ञ होते आणि पुढे २००० साली अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनचे (एपीए) अध्यक्ष झाले. पहिली कसोटी मात्र लष्करात लागली. १९९१ ते १९९७ या काळात संरक्षण खात्याने दहा मानसशास्त्रज्ञांना औषधे देण्याचे प्रशिक्षण दिले. संख्या तुटपुंजीच, तरीही पुढे विधेयकांच्या बाजूने बोलताना या दहांचा दाखला हटकून दिला जाई. एपीएने १९९५ मध्ये या मागणीला अधिकृत पाठिंबा दिला.

न्यू मेक्सिकोने २००२ मध्ये आणि लुईझियानाने २००४ मध्ये कायदा केला. ग्रामीण भागात मनोविकारतज्ज्ञ मिळत नाहीत, हा समर्थकांचा हुकमी मुद्दा. हृदय, यकृत, मूत्रपिंड यांवरील परिणाम वैद्यकीय शिक्षणाशिवाय कळत नाहीत, हे अमेरिकन मेडिकल असोसिएशन व मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेचे उत्तर. दोन्ही बाजू रुग्णहिताचीच भाषा बोलतात. तथापि वाद व्यवसायाच्या हद्दीचाही आहे, हे लपत नाही. खुद्द मानसशास्त्रज्ञांतही एक गट विरोधात आहे. औषधे हाती आली की बोलून करायचे उपचार मागे पडतील, अशी त्याला भीती वाटते.

मंजुरी म्हणजे पूर्ण विजय नव्हे. इलिनॉयच्या २०१४ च्या कायद्यातून सतरा वर्षांखालील व पासष्टपुढील रुग्ण, तसेच गर्भवती स्त्रिया वगळल्या गेल्या; विरोध शमवण्यासाठी मोजलेली ही किंमत होती. हवाईचे विधेयक २००७ मध्ये, तर ओरेगॉनचे २०१० मध्ये राज्यपालांनी नकाराधिकार वापरून फेटाळले. आयोवा (२०१६), आयडाहो (२०१७), कोलोरॅडो (२०२३) व युटा (२०२४) ही राज्ये नंतर सामील झाली.

अशा पाठपुराव्याला पैसा लागतो. करसवलत घेणाऱ्या धर्मादाय संस्थांच्या लॉबिंगवर अमेरिकी कायद्याची मर्यादा असल्याने एपीएने वेगळी संलग्न संघटना काढली आणि तिच्यासाठी व्यवसाय करणाऱ्या सभासदांकडून जादा शुल्क घेतले. ते ऐच्छिक असताना सक्तीचे भासवले गेले, असा आरोप करीत काही सभासद न्यायालयात गेले. २०१५ मध्ये सुमारे नव्वद लाख डॉलरांवर तडजोड झाली.