भारतीय महिला राष्ट्रीय फुटबॉल संघ : ऐतिहासिक आढावा

भारतातील महिला फुटबॉलचा प्रारंभ पुरुषांच्या महासंघाच्या छत्राखाली झाला नाही. 1975 मध्ये भारतीय महिला फुटबॉल महासंघ ही स्वतंत्र संस्था स्थापन झाली आणि 1990 च्या दशकाच्या आरंभापर्यंत या खेळाचा भार तिनेच वाहिला. संघाच्या आशियाई पातळीवरील सर्वोच्च यशाचा कालखंडही नेमका हाच होय.

जानेवारी 1980 मध्ये कालिकत येथे भरलेल्या आशियाई स्पर्धेत (काही नोंदींत ती 1979 ची म्हणून येते) यजमान भारताने दोन संघ उतरविले. त्यांपैकी एकाने अंतिम फेरी गाठली. तेथे चायनीज तैपेईकडून 0-2 असा पराभव झाला. 1981 मध्ये हाँगकाँग येथे तिसरे स्थान व 1983 मध्ये थायलंडमध्ये पुन्हा उपविजेतेपद मिळाले. गोव्याची योलांडा डिसूझा आणि बंगालची शांती मलिक या त्या पिढीतील अग्रगण्य खेळाडू. शांती मलिकला अर्जुन पुरस्कारही लाभला. अर्थात या यशाचे मूल्यमापन सावधपणे करणे इष्ट ठरते, कारण चीनचा संघ या स्पर्धेत 1986 मध्ये प्रथमच उतरला.

पुढे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने सूत्रे हाती घेतली. संघटनात्मक मान्यता मिळाली, परंतु सामने मात्र वाढले नाहीत. 1998 च्या बँकॉक आशियाई क्रीडास्पर्धेत चीनने भारतावर 16-0 असा विजय मिळविला. 2009 मध्ये तर दीड वर्षाहून अधिक काळ एकही आंतरराष्ट्रीय सामना न खेळल्याने फिफाच्या क्रमवारीतून भारताचे नाव वगळले गेले. ही नामुष्की खेळाडूंची नव्हे, व्यवस्थेची होती. खेळण्याची संधी मिळताच, 2010 ते 2019 या काळात, याच संघाने दक्षिण आशियाई सॅफ विजेतेपद सलग पाच वेळा पटकाविले.

महाराष्ट्राच्या दृष्टीने 2022 हे वर्ष विशेष उल्लेखनीय होय. आशियाई चषक स्पर्धा नवी मुंबई, मुंबई व पुणे येथे भरली. विश्वचषकाचा मार्ग याच स्पर्धेतून जात असल्याने यजमानपद ही मोठीच संधी होती. 20 जानेवारीस नवी मुंबईत इराणविरुद्धचा सामना 0-0 असा बरोबरीत सुटला. 23 जानेवारीस चायनीज तैपेईशी गाठ होती. परंतु करोनाच्या संसर्गामुळे नियमानुसार आवश्यक असलेले किमान 13 खेळाडूही उपलब्ध होऊ शकले नाहीत. संघाने माघार घेतल्याचे मानण्यात आले आणि इराणविरुद्धचा निकालही रद्दबातल ठरला. मैदानावर एकही पराभव न होता यजमान संघ स्पर्धेबाहेर पडला.

त्यानंतरचे पुनरागमन पात्रता फेरीतून झाले. 5 जुलै 2025 रोजी चियांग माई येथे थायलंडचा 2-1 असा पराभव करून भारताने 2026 च्या ऑस्ट्रेलियातील आशियाई चषकात स्थान मिळविले. दोन्ही गोल संगीता बासफोर हिचे होते. पात्रता फेरीच्या मार्गाने या स्पर्धेत प्रवेश मिळविण्याची भारताची ही पहिलीच वेळ. गटवारीत जपान व व्हिएतनाम यांच्यासमवेत भारताच्या वाट्यास आलेला तिसरा प्रतिस्पर्धी होता चायनीज तैपेई.