मुलांना सारखी घाईची लघवी: टेन्स मशीनचा उपचार काय आहे?

खेळता खेळता मूल एकदम थांबते, पाय आवळते किंवा टाचेवर दाब देऊन उकिडवे बसते आणि मग पळत सुटते. कधी पोहोचण्याआधीच चड्डी ओली होते. घरात याला आळस समजतात, मुलाला रागावतात. खरे तर मूत्राशय पुरते भरण्याआधीच त्याचा स्नायू आपोआप आवळतो आणि ते मुलाच्या हातात नसते. याला अतिक्रियाशील मूत्राशय म्हणतात. हे निदान साधारण ५ वर्षांनंतरच करतात.

मूत्राशयात किती लघवी मावायला हवी, याचा ढोबळ हिशेब असा: वयात १ मिळवून ३० ने गुणायचे. म्हणजे ७ वर्षांच्या मुलाला सुमारे २४० मिलिलिटर. दोन-तीन दिवस मापाच्या भांड्यात लघवी मोजून वेळ वहीत लिहिली, तर डॉक्टरांचे निम्मे काम सोपे होते.

पहिला उपचार मशीनचा नव्हे, सवयींचा. दर दोन-तीन तासांनी लघवीला पाठवणे, दिवसभर पुरेसे पाणी देणे आणि बद्धकोष्ठता घालवणे. भरलेले आतडे मूत्राशयावर दाब देते, म्हणून पोट साफ झाल्यावरच बऱ्याच मुलांचा त्रास कमी होतो. शाळेचे स्वच्छतागृह अस्वच्छ असेल तर मुली दिवसभर लघवी धरून ठेवतात. तिथे औषध काय करणार?

एवढ्याने भागले नाही, तर टेन्सचा विचार होतो. कंबरदुखीसाठी फिजिओथेरपिस्ट वापरतात तेच हे छोटे मशीन. कंबरेखाली, माकडहाडाच्या वरच्या भागात त्वचेवर दोन चिकटपट्ट्या लावतात. सुई नाही, भूल नाही. मुंग्या आल्यासारखे वाटते. मूत्राशयाच्या नसा मज्जारज्जूच्या एस-२ ते एस-४ या भागातून निघतात. सौम्य विद्युतप्रवाहाने त्या नसांचे संदेश बदलतात आणि अवेळी आवळणे कमी होते, असे मानले जाते. नेमकी क्रिया अजून पूर्ण उलगडलेली नाही. रूढ पद्धतीत १० हर्ट्झचा प्रवाह, एका वेळी २० मिनिटे, आठवड्यातून तीनदा, अशी २० सत्रे होतात. घोट्याजवळच्या नसेला प्रवाह देण्याची दुसरी पद्धतही आहे.

या पद्धतीवर ब्राझीलच्या बाहिया राज्यात बरेच काम झाले. तेथील २०१० च्या एका चाचणीत काही मुलांना खरा उपचार दिला, काहींना खांद्याच्या फऱ्यावर, म्हणजे नावापुरता. खऱ्या उपचाराच्या गटात सुमारे ६० टक्के पालकांनी मूल बरे झाल्याचे सांगितले, दुसऱ्या गटात एकानेही नाही. चाचणी लहान होती, हे मात्र ध्यानात ठेवावे. ऑक्सिब्युटिनिन या गोळीने तोंड कोरडे पडते, शौचास कडक होते आणि घामही कमी येतो. मराठवाड्याच्या मे महिन्यात ही बाब किरकोळ नाही. टेन्सला हे दुष्परिणाम नाहीत.

अडचण येण्याजाण्याची आहे. उमरीहून मुदखेडमार्गे रेल्वेने नांदेडला २० वेळा जायचे, म्हणजे मुलाची शाळा बुडते आणि आईबापाची मजुरीही. म्हणून मशीन घरी देऊन, एकदा शिकवून उपचार करता येईल का, हे फिजिओथेरपिस्टना आधीच विचारावे. स्वतःच्या मनाने मशीन आणून लावू नये.

कंबरेवर खळगा किंवा केसांचा पुंजका, पायात कमजोरी, लघवीची धार तुटक असणे, वारंवार ताप, लघवीत रक्त, यांपैकी काही दिसले तर टेन्स बाजूला ठेवून आधी बालरोगतज्ज्ञांकडून तपासणी आणि सोनोग्राफी करावी. नांदेडला विष्णुपुरीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. शाळेत तपासणीला येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकालाही हे सांगता येते. मुलासमोर नको, बाजूला घेऊन.