आश्रय, दस्तूर आणि पगार : सवाई जयसिंहाच्या जयपुरातील परप्रांतीय विद्वानांच्या पात्रतेचा विचार

मुंबई संस्कृत ग्रंथमालेत १९०१-१९०२ मध्ये ‘रेखागणित’ या नावाचा ग्रंथ दोन भागांत प्रसिद्ध झाला. हरिलाल ध्रुव आणि कमलाशंकर त्रिवेदी यांनी तो संपादित केला होता. ग्रंथ पंधरा अध्यायांचा आहे, आणि तो युक्लिडच्या भूमितीचा नसीरुद्दीन तुसीने सिद्ध केलेल्या अरबी पाठावरून केलेला संस्कृत अनुवाद आहे, याविषयी अभ्यासकांत आता मतभेद नाही. मात्र ग्रंथाच्या प्रास्ताविक श्लोकांत युक्लिडचे नाव नाही आणि तुसीचेही नाही. हे शिल्पशास्त्र ब्रह्मदेवाने विश्वकर्म्याला सांगितले, ते परंपरेने पृथ्वीवर आले, पुढे लुप्त झाले, आणि महाराज जयसिंहांच्या आज्ञेवरून जगन्नाथाने ते पुन्हा प्रकट केले, असा त्यांचा आशय आहे. ग्रीक मूळ आणि अरबी मुक्काम असलेली एक संहिता अशा रीतीने संस्कृतात आली ती पितृकुल बदलून आली.

हा जगन्नाथ, ज्यास ‘सम्राट’ ही उपाधी होती, महाराष्ट्रीय ब्राह्मण. तोही जयपूर दरबारात बाहेरूनच आलेला. प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे तो याच गोष्टीचा. परक्या प्रदेशातील कसबी वा विद्वान मनुष्यास आपल्या राज्यात बोलावताना राज्यसंस्था त्याची पात्रता कशावरून ठरवते? त्याच्याबद्दल हमी कोण देतो, त्याचे मोल कोणत्या मापाने केले जाते, आणि हमी देणारा नाहीसा झाला तर त्याचे काय होते? आज हे प्रश्न कुशल कामगारांच्या व्हिसाच्या नियमावलीत, वार्षिक पगाराच्या किमान आकड्यांच्या रूपाने विचारले जातात. त्यांचा पूर्वेतिहास मात्र पगाराचा नाही, आणि जयपूर हे तो पाहण्यास सोयीचे स्थळ आहे.

सवाई जयसिंह (१६८८-१७४३) याने १७२७ मध्ये जयपूरची स्थापना केली. नव्या नगराला माणसे हवी होती. व्यापाऱ्यांना आणि कारागिरांना आमंत्रणे गेली, तशीच ती विद्वानांनाही गेली. रत्नाकर पौंडरीक हा मूळचा महाराष्ट्रीय, काशीहून आलेला. त्याचा ‘जयसिंहकल्पद्रुम’ हा धर्मशास्त्रीय ग्रंथ १७१३ चा, म्हणजे जयपूर वसण्यापूर्वीचा आहे. तो राजाचा गुरू मानला जातो. केवलराम हा ज्योतिषी गुजरातेतून आला. कवी कृष्ण भट्ट मूळचा तैलंग, पण तो बुंदीच्या दरबारात होता आणि तेथून जयसिंहाकडे आला. नगररचनेशी ज्याचे नाव जोडले जाते तो विद्याधर भट्टाचार्य बंगाली. हिशेबखात्यातील कामापासून चढत तो १७२९ मध्ये देशदिवाण झाला. नगराच्या उत्तरेस ब्राह्मण पंडितांसाठी ब्रह्मपुरी ही स्वतंत्र वस्ती वसवण्यात आली. पौंडरीकांची हवेली तेथे आजही उभी आहे, आणि तिच्यातील भित्तिचित्रांसाठी ती पाहिली जाते.

जगन्नाथाच्या आगमनाविषयी एक आख्यायिका सांगितली जाते. मिर्झाराजा जयसिंहाने शिवाजी महाराजांवरील स्वारीच्या वेळी, म्हणजे १६६५ मध्ये, या तरुण वेदपाठी ब्राह्मणास दक्षिणेतून आणले आणि त्याने पुढे अरबी-फारसी आत्मसात करून हिंदू पंडितांना या भाषा येत नाहीत हा आक्षेप खोटा पाडला. ‘सम्राटसिद्धान्त’ १७३२ चा आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे ही कथा कालगणनेत बसवणे कठीण जाते. दोन जयसिंहांची तीत गल्लत झालेली दिसते. तथापि आख्यायिका म्हणून ती दुर्लक्षणीय नाही. तीत पंडिताच्या पात्रतेची अट स्पष्ट सांगितली आहे : बाहेरून आणलेल्या माणसाला येथे नसलेले कसब यावयास हवे. तेथे नसलेले कसब म्हणजे येथे दुसऱ्याची भाषा. अनुवादक या नात्यानेच जगन्नाथ दरबाराला हवा होता.

‘सम्राटसिद्धान्ता’ची स्थिती ‘रेखागणिता’हून निराळी आहे, आणि तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने येथे थांबावयास हवे. हा ग्रंथ टॉलेमीच्या खगोलशास्त्रीय ग्रंथाच्या अरबी पाठावर आधारलेला आहे. येथे जगन्नाथ काहीच झाकत नाही. अरबी भाषेत ‘मिजास्ती’ नावाचा ग्रंथ आहे आणि गणकांना सुबोध व्हावा म्हणून तो गीर्वाणवाणीत आणला, असे तो उघड सांगतो. एकच अनुवादक, एकच आश्रयदाता, आणि एका संहितेला स्थानिक वंशावळ मिळते तर दुसरी आपल्या परदेशी नावानिशी सभेत बसते. याची कारणमीमांसा निरनिराळ्या प्रकारे करता येईल. माझ्या मते यात ग्रंथांचा उपयोग निर्णायक ठरला असावा. भूमिती ही शिल्पशास्त्राची, म्हणजे आधीच घर असलेल्या विद्येची शाखा म्हणून आत येऊ शकत होती. वेधशाळेत मात्र अरबी परंपरेचे अधिकारमूल्य हीच ग्रंथाची शिफारस होती. ते लपवले तर शिफारसच गेली असती. मनुष्याप्रमाणे संहितेलाही प्रवेशासाठी कागद लागतो, आणि कोणता कागद दाखवावा हे प्रवेशद्वार पाहून ठरते.

दरबारात आलेल्यांना काय मिळे? ‘पगार’ हा शब्द येथे जपून वापरला पाहिजे. रोख रोजीना होता, उदक म्हणून दिलेली जमीन होती, जागीर होती, आणि या सर्वांपेक्षा कागदपत्रांत अधिक जागा व्यापणारा सिरोपाव होता. जयपूर संस्थानचे ‘दस्तूर कौमवार’ नावाचे दस्तऐवज बिकानेर येथील राजस्थान राज्य अभिलेखागारात आहेत. बत्तीस खंडांचा हा संग्रह १७१८ पासून १९१८ पर्यंतचा आहे. त्यात कोणास कोणत्या प्रसंगी कोणता मान, कोणते वस्त्र, कोणती भेट दिली याच्या नोंदी आहेत. त्यांची रचना नावातच सांगितली आहे : दस्तूर म्हणजे रिवाज, आणि तो कौमवार, जातीजमातींच्या क्रमाने. ब्राह्मण, राजपूत, वैद्य, फिरंगी. म्हणजे नोंदवहीच्या दृष्टीने जगन्नाथ आधी ब्राह्मण आणि मग गणिती. पाद्री आधी फिरंगी आणि मग ज्योतिर्विद.

या पद्धतीचे गुणगान करण्याचा मोह आपल्याकडे वारंवार दिसतो. विद्वानांना पैशात न मोजणारा काळ, असे तिचे वर्णन केले जाते. ते अर्धेच खरे आहे. पैशात मोजले नाही हे खरे, पण जन्माने मोजले. ब्रह्मपुरीत घर मिळण्यास जी पात्रता लागे ती अभ्यासाने मिळवता येणारी नव्हती. जंतर मंतरची प्रचंड यंत्रे ज्या पाथरवटांनी घडवली त्यांच्या हातात अंश-कलांचे रेखाटन करण्याचे कसब होते. पंडितांची नावे ग्रंथांच्या पुष्पिकांत राहिली, या पाथरवटांना तशी पुष्पिका नाही. दुसरीकडे, एकदा मिळालेली जमीन पुढच्या पिढीकडे जाई. आलेल्याचे कुटुंब स्थायिक होई आणि दोन-तीन पिढ्यांत ‘परप्रांतीय’ हे विशेषण गळून पडे. कृष्ण भट्टाच्या वंशातील भट्ट मथुरानाथ शास्त्री विसाव्या शतकात जयपूरचेच संस्कृत साहित्यिक म्हणून ओळखले गेले. (हा व्यवहार एकमार्गी नव्हता, हेही नोंदवावे. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याची ‘काव्यमाला’ जयपूरचे पंडित दुर्गाप्रसाद आणि काशीनाथ पांडुरंग परब यांनी मिळून सुरू केली. जयपूरच्या पोथ्या मराठी माणसाच्या छापखान्यातून जगभर गेल्या.)

पंडितांपेक्षा पाद्र्यांचे प्रकरण आजच्या व्हिसाच्या व्यवहाराशी अधिक जवळचे आहे, कारण येथे हमी देणारी संस्था स्पष्ट दिसते. जयसिंहाने प्रथम आपली माणसे बाहेर पाठवली. पाद्री मानुएल द फिगेरेदो याच्यासमवेत गेलेले शिष्टमंडळ गोव्यामार्गे १७२९ मध्ये लिस्बनला पोहोचले. पोर्तुगालच्या गादीवर तेव्हा पाचवा जोआंव होता. परतताना त्यांनी द ला हीर याची ज्योतिषकोष्टके आणली. ती जयपुरात तपासली गेली आणि चंद्राच्या स्थानात सुमारे अर्ध्या अंशाची तफावत आढळली. ही गोष्ट जयसिंहाने बादशहा मुहम्मदशहाच्या नावे सिद्ध केलेल्या ‘झीज-इ-मुहम्मदशाही’ या फारसी ग्रंथाच्या प्रस्तावनेतच नोंदवली आहे, आणि पाद्री मानुएलचे नावही तेथे आहे. याच शिष्टमंडळाबरोबर आलेला पेद्रो द सिल्वा हा वैद्य जयपुरात राहिला. त्याच्या वंशजांनी पुढे पिढ्यानपिढ्या तेथे हकिमी केली. दस्तूराच्या चौकटीत फिरंग्यालाही वंश चालवण्याची मुभा होती, याचे हे उदाहरण.

१७३४ मध्ये चंद्रनगरहून बुदिए आणि पाँ हे दोन फ्रेंच जेझुइट जयपुरास आले. वाटेत त्यांनी स्थळांचे अक्षांश-रेखांश निश्चित केले. ते थोडाच काळ राहिले. मग जयसिंहाने जर्मन पाद्र्यांची मागणी केली. गोव्याच्या मार्गाने श्ट्रोबल आणि गाबेल्सपेर्गर हे दोघे १७४० मध्ये जयपुरास पोहोचले. या व्यवहारात राजा खर्च देणार, जेझुइट संघ माणूस निवडून त्याच्या विद्वत्तेची ग्वाही देणार, आणि गोव्याचे पोर्तुगीज शासन वाट मोकळी करणार, अशी तीन टोके होती. उमेदवार स्वतः अर्ज करीत नव्हता. आज ब्रिटनमध्ये नियोक्त्याने द्यावयाचे प्रायोजकत्वाचे प्रमाणपत्र ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही मांडणी अपरिचित वाटणार नाही.

गाबेल्सपेर्गर १७४१ मध्ये मृत्यू पावला. सप्टेंबर १७४३ मध्ये जयसिंह गेला. ईश्वरीसिंह आणि माधोसिंह यांच्यातील वारसाकलहात, ज्यात मराठ्यांचाही हात होता, वेधशाळेकडे पाहण्यास कोणास सवड नव्हती. श्ट्रोबल जयपूर सोडून गेला. याच वेधशाळेसाठी निघालेला योसेफ टीफेनथालर हा तिरोळी पाद्री भारतात आला तो आश्रयदाता नाहीसा झाल्यावर. तो आग्र्याला गेला, आणि पुढे हिंदुस्थानचा भूगोल लिहिणारा म्हणून प्रसिद्धी पावला. जमीन मिळालेले पंडित राहिले, जमीन नसलेले पाद्री पांगले. पात्रता ज्ञानावर ठरली होती तरी टिकाव मालमत्तेवर ठरला.

एकोणिसाव्या शतकात ही चौकट बदलली. युरोपीय माणूस नोकरीत घ्यावयाचा तर संस्थानिकास इंग्रज सरकारची संमती लागू लागली. स्विंटन जेकब हा अभियंता १८६७ मध्ये जयपूरच्या बांधकाम खात्यात आला तो सरकारी सेवेतील अधिकारी म्हणून, ठरलेल्या वेतनावर. त्याने १८९० पासून प्रसिद्ध केलेल्या वास्तुरेखाटनांच्या संग्रहामागे स्थानिक आरेखकांचे हात होते. दस्तूराची जागा वेतनश्रेणीने घेतली ती येथे.

आजची नियमावली या दुसऱ्या परंपरेतील आहे. अमेरिकेच्या १९९० च्या कायद्याने एच-वन-बी ही श्रेणी निर्माण केली. पदवी आणि त्या व्यवसायातील प्रचलित वेतन या तिच्या दोन मुख्य अटी, आणि सप्टेंबर २०२५ च्या घोषणेने नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचा आकार बसवला. ब्रिटनने कुशल कामगारासाठीची सर्वसाधारण वेतनमर्यादा एप्रिल २०२४ मध्ये २६,२०० वरून ३८,७०० पौंडांवर आणि जुलै २०२५ मध्ये ४१,७०० पौंडांवर नेली. आपल्या देशाचीही अशी मर्यादा आहे : रोजगार व्हिसावर येणाऱ्या परदेशी माणसाचा पगार प्रारंभी वर्षाला २५,००० डॉलरहून अधिक असावा लागे, पुढे ही मर्यादा १६.२५ लाख रुपये करण्यात आली. या नियमाला जे अपवाद ठेवले गेले ते आपल्या विषयाच्या दृष्टीने उद्बोधक आहेत. परदेशी पाककृतींचे आचारी, दूतावासांचे कर्मचारी, इंग्रजीखेरीज अन्य भाषांचे शिक्षक, आणि अनुवादक.

अपवाद उदार आहे हे मान्य करावयास हवे. त्यावाचून अनेक विद्यापीठांतील भाषाविभाग ओस पडतील. पण त्यात एक मूल्यनिर्णय अनुस्यूत आहे. अनुवादकाचे कसब आवश्यक आहे, येथे ते सहज मिळत नाही, आणि बाजार त्याला मर्यादेइतके मोल देणार नाही, या तिन्ही गोष्टी नियमाने एकदमच कबूल केल्या आहेत. दस्तूर कौमवारात अनुवादकाचा वेगळा वर्ग नव्हता. आजच्या नियमात आहे, तो आचाऱ्याच्या शेजारी. जगन्नाथासारखा पंडित आज या सूचीत सापडला असता. विद्याधरासारखा हिशेबनीस मात्र आकड्यालाच अडला असता, कारण आरंभीच्या हुद्द्यावर त्या मर्यादेइतका पगार कोणी दिला नसता, आणि देशदिवाण होण्याची वेळच आली नसती.

श्ट्रोबलची अडचण तर जशीच्या तशी राहिली आहे. नोकरी सुटलेल्या एच-वन-बी धारकास अमेरिकेत साठ दिवसांपर्यंतची सवलत मिळते. ब्रिटनमध्येही प्रायोजकत्व संपल्यावर सामान्यतः तेवढीच मुदत दिली जाते. तेवढ्यात नवा आश्रयदाता शोधावयाचा, नाहीतर परतावयाचे. घराचे हप्ते आणि मुलांच्या शाळा मागे असलेल्या मराठी कुटुंबांनी २०२२-२३ च्या नोकरकपातीत हे दिवस मोजले आहेत. जयपूरच्या पाद्र्यास कोणी मुदत घालून दिली नव्हती. त्याच्यामागे त्याचा संघ होता, आणि आग्र्याला त्याचे घर होते.