जिप्सम: मिठागरापासून मखरापर्यंत

जिप्सम म्हणजे पाणी पोटात धरून ठेवणारे कॅल्शियम सल्फेट. ते इतके मऊ असते की नखानेही ओरखडा उठतो. शुद्ध स्फटिक काचेसारखा पारदर्शक. लोहाच्या अंशाने त्याला पिवळी, तांबूस वा तपकिरी छटा येते. ठाणे-कल्याणच्या भूमीत त्याची खाण नाही. इथला काळा कातळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे, तर जिप्समचे मोठे साठे आटत्या खाऱ्या पाण्यातून तयार होतात.

तरीही या किनाऱ्याला जिप्सम परके नव्हते. ठाणे खाडीकाठच्या आणि भाईंदरच्या मिठागरांत भरतीचे पाणी उन्हाने आटून पाचव्या हिश्श्यावर आले, की आधी जिप्सम तळाशी बसते. मीठ धरते ते पाणी दहाव्या हिश्श्यावर आल्यावर. म्हणून पाणी एका कोंडीतून दुसऱ्या कोंडीत फिरवत न्यावे लागते. ही वेळ अचूक ओळखणे हे आगरी कष्टकऱ्यांचे पिढीजात शास्त्रच होते. त्याची नोंद मात्र फार थोड्यांनी घेतली.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जिप्सम घरोघर आले ते गणपतीच्या रूपाने. देशातील बहुतेक खनिज जिप्सम राजस्थानातून निघते. ते सुमारे १५० अंश सेल्सिअसला भाजले की त्यातले तीन चतुर्थांश पाणी उडते आणि प्लॅस्टर ऑफ पॅरिस उरते. त्यात पुन्हा पाणी कालवले की काही मिनिटांत ते घट्ट होते, म्हणजे परत जिप्समच बनते. शाडूची मूर्ती वाळायला दिवसच्या दिवस लागतात, तिला तडेही जातात. प्लॅस्टरची मूर्ती साच्यातून झटपट निघते, हलकी आणि स्वस्त असते. कारागिरांनी ती स्वीकारली यात नवल नाही.

खरी अडचण विसर्जनाची. एका लिटर पाण्यात जेमतेम दोन ग्रॅम जिप्सम विरघळते, त्यामुळे तलावांच्या ठाण्यात भग्न मूर्तींचे अवशेष कित्येक दिवस तळाशी पडून राहत. मूर्तीवरच्या रासायनिक रंगांचा उपद्रव वेगळाच. यावर कृत्रिम तलावांचा मार्ग ठाण्याने लवकर धरला, हे या शहराचे मोठेच काम. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात अशी मूर्ती विरघळवण्याची रीत दिली. त्यातून निघणारे अमोनियम सल्फेट खत म्हणून वापरता येते.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये अशा मूर्तींना मनाई करणारी नियमावली काढली. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या घडवण्यास मुभा दिली. पुढच्याच महिन्यात सहा फुटांपर्यंतच्या मूर्तींचे विसर्जन कृत्रिम तलावांतच करण्याचा आदेश दिला.