ताग भारतात जास्त पिकतो, मग निर्यातीत बांगलादेश पुढे का?
ताग पिकवण्यात भारत जगात पहिला आहे, पण तागाच्या निर्यातीत बांगलादेश पुढे आहे. असं का?

१९४७ च्या फाळणीत तागाची बहुतेक शेती पूर्व बंगालमध्ये गेली आणि हुगळीकाठच्या गिरण्या भारतात राहिल्या. पुढे भारताने लागवड वाढवली, तिकडे गिरण्या उभ्या राहिल्या.

भारताचा बहुतांश माल देशातच खपतो, कारण १९८७ च्या कायद्यानुसार धान्यासाठी तागाच्या गोण्या बंधनकारक आहेत. बांगलादेशची बाजारपेठ लहान असल्याने तिथलं सूत आणि गोण्या परदेशी जातात. भारतही त्यांचा ग्राहक आहे.

या स्वस्त मालामुळे इथल्या गिरण्या आणि शेतकऱ्यांचं नुकसान होतं, असं सांगत भारताने २०१७ मध्ये अँटी-डम्पिंग शुल्क लावलं. जून २०२५ मध्ये जमिनीमार्गे होणारी आयातही बंद केली. त्यामुळे शेजारचा ताग आता थेट रायगडच्या न्हावा शेवा बंदरात उतरवावा लागतो.