सिरोंचा : समुद्रापासून दूरचें एक बंदर

बंदर म्हटलें कीं समुद्र, गलबतें आणि खारा वारा डोळ्यांपुढें येतात. परंतु गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, अरण्यानें वेढलेल्या सिरोंच्याला एके काळीं नदीवरचें बंदर करण्याचा घाट घातला गेला होता, हें पुष्कळांना ठाऊक नसेल.

या कल्पनेचें मूळ भूगोलांत आहे. वर्धा व वैनगंगा चपराळ्याजवळ एकत्र होतात आणि प्राणहिता हें नांव धारण करतात. ही प्राणहिता सुमारें ११३ किलोमीटर वाहून सिरोंच्यापाशीं गोदावरीस मिळते. पैलतीरावर काळेश्वराचें क्षेत्र आहे. थोडें खालीं, सोमनूरला, बस्तरांतून आलेली इंद्रावती गोदावरींत शिरते. नागपूर, वऱ्हाड आणि बस्तर या तिन्ही प्रदेशांचें पाणी असें एकवटून राजमहेंद्रीवरून पूर्वसमुद्रास जातें. पाणी जातें, तर माल कां जाऊं नये ?

हा विचार हिरिरीनें मांडणारा पुरुष म्हणजे सर आर्थर कॉटन. १८४७ ते १८५२ या काळांत त्यानें धवळेश्वरम् येथें गोदावरीस बंधारा घातला होता. पुढें १८६० सालीं निजामाकडून या तीराचा मुलूख इंग्रजांकडे आला, अप्पर गोदावरी जिल्हा निर्माण झाला आणि सिरोंचा त्याचें मुख्य ठाणें झालें. लगेच १८६१ मध्यें अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें. विलायतेंतील गिरण्यांना कापूस मिळेना. तेव्हां हिंगणघाटचा नामांकित कापूस नावांतून समुद्रास न्यावा, या बेताला जोर चढला.

वाटेंत तीन मोठे खडकाळ अडथळे होते : दुम्मुगुडेम, इंचमपल्ली आणि प्राणहितेवरील देवलमरी. तेथें बंधारे व कालवे बांधून नावा पार करावयाच्या होत्या. परंतु नदी पावसाळ्यांत बेफाम होई, उन्हाळ्यांत खडक उघडे पडत आणि रानांतील तापानें मजूर हैराण होत. इतक्यांत १८६७ सालीं मुंबईची आगगाडी नागपुरास पोहोंचली. कापसाला बारमाही वाट मिळाली आणि १८७१ सालीं नदीचें काम सोडून देण्यांत आलें. १८७४ मध्यें जिल्हाही मोडला. सिरोंचा चांदा जिल्ह्यांत आलें आणि भद्राचलमकडील भाग मद्रास इलाख्यास जोडला गेला.

नदीनें मात्र आपलें काम थांबविलें नाहीं. कापूस गेला नाहीं, पण रानांतील सागाचे ओंडके तराफे करून राजमहेंद्रीस जात राहिले. त्या व्यवहारानें तेलुगू, मराठी आणि गोंडी या तीन भाषा एकाच बाजारांत नांदूं लागल्या. साग, बांबू, तेंदू, मोह अशी संपत्ति येथें उदंड, आणि वडधमच्या भूमींत पुराणकाळचे जीवाश्महि आहेत.

१९८२ सालीं गडचिरोली जिल्हा झाला आणि सिरोंचा त्याच्या एका तालुक्याचें ठिकाण झालें. २०१९ मध्यें जवळच तेलंगणाचा मेडीगड्डा बंधारा उभा राहिला. पाणी शेतांत शिरतें अशी अलीकडील शेतकऱ्यांची तक्रार असतांच २०२३ सालीं त्याचे कांहीं खांब खचले. दीडशें वर्षांपूर्वीं नदीनें माल वाहावा असा हट्ट होता, आतां तिनें पाणी उलट चढवून द्यावें असा आहे. दोन्ही वेळां बेत दूरच्या शहरांत ठरले. नदीच्या पुराचा स्वभाव जाणणाऱ्या तीरावरील कोळ्याला आणि शेतकऱ्याला आधीं विचारलें असतें, तर कदाचित् खर्च आणि पश्चात्ताप दोन्ही कमी झाले असते.