दुष्काळातली शांती

आमचे शिरपूर अरुणावतीच्या काठी वसलेले. जुन्या गॅझेटियरात गावाविषयी ज्या थोड्या ओळी आहेत, त्यांत १८७५ च्या महापुराची नोंद आहे. पाण्याच्या खुणा काही ठिकाणी सहा फुटांवर उमटल्या होत्या. पुढे १८९९-१९०० साली पाऊसच रुसला. विक्रम संवत १९५६ चा म्हणून तो छप्पनचा दुष्काळ. खानदेश, गुजरात, राजपुताना त्यात होरपळून निघाले. अशा पिढीने मनाची स्वस्थता कोठून आणली असेल, हा प्रश्न मला नेहमी पडतो. सरकारी दप्तर आकडे सांगते, मने सांगत नाही. पण त्या काळातील एका बाईने आपले मन लिहून ठेवले आहे. त्या पंडिता रमाबाई.

१८७६-७७ च्या दुष्काळात त्यांचे कुटुंब मद्रास इलाख्यात होते. वडील अनंतशास्त्री डोंगरे विद्वान पुराणिक. जवळचा पैसा दानधर्मात आणि देवदर्शनात सरला, उपासतापास झाले, अखेर झाडाची पाने खाण्याची पाळी आली. काही महिन्यांतच वडील, आई आणि थोरली बहीण गेली. पुढे भाऊ गेला, आणि १८८२ मध्ये पतीही पटकीने गेले.

१८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. तेथेच त्यांना शांती लाभली, असे कोणास वाटेल. त्या स्वतः मात्र तसे म्हणत नाहीत. धर्म स्वीकारला तरी अंतरीची तहान भागली नव्हती. ती भागायला आणखी आठेक वर्षे लागली, असे त्यांनीच सांगितले आहे.

त्या शांतीची कसोटी १८९६-९७ मध्ये लागली. मध्य प्रांतात दुष्काळ पडला. ज्या संकटाने घर गिळले, त्याच्याकडे पाठ फिरवण्याचा हक्क त्यांना होता. त्या उलट तिकडेच गेल्या आणि शेकडो मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध, म्हणून मुलींना केडगावच्या माळावर हलवले. तेथे विहिरी खणल्या, शेती केली. १९०० साली गुजरातेतून आणखी मुली आल्या आणि मुक्ती सदनातील माणसे दोन हजारांच्या आसपास गेली.

मी ख्रिस्ती नव्हे. अन्न देणारा हात धर्मही देऊ लागला, तर उपाशी मुलीची संमती कितपत स्वतंत्र, ही शंका मलाही येते. १८९३ मध्ये शारदा सदनात धर्मशिक्षणावरून वाद होऊन रानडे-भांडारकरांनी सल्लागार मंडळ सोडले, ते उगीच नव्हे. पण ही शंका जागी ठेवूनही एक गोष्ट मान्य करावी लागते. पहिल्या दुष्काळात या घराने देवाजवळ सुटका मागितली होती. दुसऱ्या दुष्काळात रमाबाईंनी दुसऱ्यांच्या सुटकेसाठी बळ मागितले. संकट टळेल ही खात्री त्यांच्या श्रद्धेने दिली नाही. त्याच्या तोंडाशी उभे राहून चूल पेटवण्याचे धैर्य दिले.

१९२१ मध्ये एकुलती एक कन्या मनोरमा निवर्तली. त्या दुःखातही बायबलाचे सोप्या मराठीतील भाषांतर हातावेगळे करण्याचे काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. शांती म्हणजे वादळ शमणे, असे आपण समजतो. या बाईच्या आयुष्यात वादळ कधी शमलेच नाही, आणि तरीही शांती होती.